सावकाश पहिला आला

सावकाश पहिला आला यावर घरातल्या कुणाचाच विश्वास बसला नव्हता. आता प्रयोगशाळेचाही बसला नाही.

पत्र सकाळची दौड आटोपल्यावर आलं. थोरलीने ते तबेल्याच्या ऑफिसात उभ्याउभ्या वाचलं. ऑफिस म्हणजे पूर्वीची घोड्यांच्या खाण्याची, चंदीची खोली. कितीही झाडली तरी टेबलावर ओटचा भुसा असायचाच. खुर्चीच्या पाठीवर बाबांचं जाकीट अजून तसंच होतं, म्हणून ती त्या खुर्चीत बसत नसे. बाबा गेल्यापासून ती सगळं काम उभ्यानेच करत होती, आणि लोक म्हणत, पोरगी किती चपळ आहे बघा.

शर्यतीनंतर घेतलेल्या सावकाशच्या लघवीच्या नमुन्यात उत्तेजक द्रव्य सापडलं होतं. कॅफीन. शिवाय थिओब्रोमिन. तपासनीस आजच दुपारी येणार होते. द्रव्य घोड्याच्या पोटात कसं गेलं, याचा पटण्यासारखा आणि प्रमाणाशी जुळणारा खुलासा झाला तर निष्काळजीपणा धरणार: बक्षीस परत आणि ताकीद. खुलासा झाला नाही तर मुद्दाम दिलं असं धरणार: परवाना रद्द.

ट्रेनरचा परवाना थोरलीच्या नावावर होता, तोही तात्पुरता, पहिल्या हंगामापुरता. तो गेला की मालक आपापले घोडे काढून नेणार आणि बाबांनी उभा केलेला तबेला रिकामा पडणार. बाबांच्या उभ्या हयातीत या तबेल्याचा एकही नमुना नापास झाला नव्हता. त्याचा त्यांना एवढा अभिमान होता की नव्या माणसाला आधी ते सांगायचे आणि मग बायकामुलांची ओळख करून द्यायचे.

तिने धाकट्या भावाला, काकांना आणि आत्याला फोन केला. "घरी या. कारण आल्यावर सांगते."

"कोण आजारी आहे?" आत्याने विचारलं.

"सावकाश पकडला गेला."

"पळाला होता का?"

"तीच तर भानगड झालीये आत्या. पळाला."

सावकाश जन्मला तेव्हा पायांवर उभं राहायला त्याने इतका वेळ लावला की बाबा शेजारी बसून म्हणत राहिले, "सावकाश, बाळा, सावकाश." तेच नाव पडलं, आणि घोड्याने ते मनाला लावून घेतलं. शर्यतीचं दार उघडल्यावर तो असा निघायचा, जणू कुणीतरी मागून हाक मारून परत बोलावेल अशी त्याला आशा होती. मालकाने कंटाळून तो बाबांनाच देऊन टाकला होता. आणि बाबा गेल्यानंतरच्या पहिल्याच शर्यतीत तो मानभर पुढे राहून जिंकला. जॉकीला फोटोसाठी हसताही आलं नाही. बाकीचे घोडे कुठे राहिले हे तो मागे वळून बघत होता.

जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले. तबेला आणि घर यांच्यामध्ये फक्त फरशीचं अंगण होतं, त्यामुळे या स्वयंपाकघरात भांडण सुरू झालं की पलीकडे घोडे कान टवकारत. आई चहा गाळत होती. ती गेले काही महिने फारसं बोलत नव्हती, आणि तिच्या न बोलण्याची सगळ्यांना हळूहळू सवय झाली होती.

थोरलीने पत्र वाचून दाखवलं. मग काकांनी मान वळवून धाकट्याकडे पाहिलं.

"विचारायचं कशाला? घरात पावडरींचं दुकान कुणाचं आहे?"

धाकटा शहरातल्या व्यायामशाळांना ताकदीच्या पावडरी विकायचा. त्याच्या डब्यांवर नेहमी एक दंड फुगवलेला माणूस असे.

"काका, माझ्या पावडरीने आजवर एका माणसाचा दंड बोटभर वाढला नाही," धाकटा म्हणाला. "ती खाऊन सावकाश पळाला असता तर मी त्याचाच फोटो डब्यावर छापला असता."

"म्हणजे दिली होतीस!"

"दिली असती तर म्हणालो! आणि ताई, तूच सांग, तबेला बंद पडला तर फायदा कुणाचा? जमीन विकायची घाई कुणाला झालीये?"

काका टेबलावर हात आपटून उठले. जमिनीत त्यांचा निम्मा वाटा होता, आणि ती विकावी म्हणून त्यांनी बाबांशी वर्षभर वाद घातला होता. "मी घोड्याला विष घालीन? दादाच्या घोड्याला?"

"विष कोण म्हणालं? उत्तेजक म्हणालो."

"उत्तेजक तर उत्तेजक! माझ्यावर आळ घेतोस?"

"बसा दोघं," आत्या म्हणाली. आत्याने आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाली तरी तिच्या आवाजातली छडी गेली नव्हती. काका तिच्याहून धाकटे. ते बसले. "भांडण नंतर करा, तास मोठा आहे. ऑफिसातला तो चंदीचा फळा आणा इकडे."

धाकटा फळा घेऊन आला. आत्याने तो डब्यांना टेकवून उभा केला आणि ओल्या फडक्याने पुसला. थोरलीने अगदी सुरुवातीपासून सांगितलं. चंदीची पोती सीलबंद, कोठाराची किल्ली तिच्याकडे, औषधं कुलपात. बाहेरच्या कुणाला सावकाश उभा असतो त्या थानापर्यंत जाऊ दिलं नव्हतं. घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला विचारलं तर "घरच्यांचं घरच्यांनी बघावं," एवढंच म्हणून तो बादली उचलून निघून गेला होता.

"कॅफीन म्हणजे चहा, नाहीतर कॉफी," आत्या म्हणाली. "आता घोड्याला चहा कोण पाजेल?"

कुणीतरी कप बशीत ठेवला, त्याचा आवाज झाला.

"दादा पाजायचा," काका म्हणाले.

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बाबा सकाळी कप घेऊन अंगण ओलांडायचे, उलट्या बादलीवर बसायचे, अर्धा कप स्वतः प्यायचे आणि अर्धा बशीत ओतून सावकाशपुढे धरायचे. घोडा जिभेचा आवाज न करता तो पिऊन टाकायचा.

"पण चहाने काही होत नाही," धाकटा पटकन म्हणाला.

"मुळीच नाही," काकाही म्हणाले. आज पहिल्यांदाच त्या दोघांचं एकमत झालं. "दादा वर्षानुवर्षं पाजत होता. एकदा तरी सापडलं का काही? म्हणजे चहा नव्हे. चहा बाजूला ठेवा."

"बाजूला," आत्यानेही मान डोलावली. नेहमी कुणाच्याही म्हणण्याला पुरावा मागणारी आत्या इतक्या चटकन कशी मानली, याचं थोरलीला जरा नवल वाटलं. पण तिच्या डोक्यात दुपार घोळत होती. चहा नाही, तर काय? तपासनिसाला काय सांगायचं? की आमच्याकडे सगळं कुलपात होतं, आणि तरीही? असं म्हणणाऱ्या ट्रेनरला लोक लबाड म्हणतात. त्यांचं चूकही नाही.

"शर्यतीच्या आठवड्यात नाही पाजायचे," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती कपातली साय चमच्याने बाजूला करत होती.

"त्या आठवड्यात हे चहा सोडायचे. मी चहा टाकला की खोलीतून उठून जायचे."

"तो त्यांचा शकुन होता गं आई," धाकटा म्हणाला. "घोडा जिंकावा म्हणून. आम्ही चेष्टा नाही का करायचो? सावकाश जिंकायला बाबांनी जेवण सोडलं असतं तरी भागलं नसतं."

"शकुन असेल, मला माहीत नाही. पण तो आठवडा म्हणजे घरात वाघ पाळल्यासारखं असायचं. डोकं धरून बसायचे. मी काही बोलले की अंगावर यायचे. कपभर गरम पाणी घेऊन तिकडे जायचे, नि तिकडून कधी हाताला, कधी खांद्याला चावून घेऊन यायचे."

"चावून? कोण चावायचं?"

"तुमचा सावकाश. एरवी गरीब गाय. शर्यतीच्या आठवड्यात दोघंही चावायला उठायचे."

आत्याच्या हातातला खडू थांबला. "चहाची सवय असलेल्याचा चहा एकदम तोडला की डोकं दुखतं," ती थांबत थांबत म्हणाली, आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "माणसाचं दुखतं. घोड्याचं का दुखू नये?"

थोरलीला वाटलं, कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवला. बाबा उलट्या बादलीवर बसलेले तिला दिसले, हातात गरम पाण्याचा कप. तीसुद्धा हसली होती त्या पाण्याला. एवढी पुस्तकं वाचलेली, परवान्याची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली ती म्हणाली होती, बाबा, या काळात असले शकुन काय पाळता?

"तो शकुन नव्हता," ती म्हणाली. "त्याला चहा द्यायचा नसे म्हणून ते स्वतः सोडायचे. त्याच्यासमोर बसून एकट्याने पिणं त्यांना जमलं नसतं."

"मग सांगायचं नाही का कुणाला?" काका चिडून म्हणाले.

"कुणाला सांगणार? ते गेल्यावर घोड्याला चहा पाजणार होतं कोण?"

हा प्रश्न तिने सहज विचारला होता. पण धाकटा बशीवरची फुलं निरखत होता. काका खिडकीबाहेर बघत होते. आत्याने पुसलेला फळा पुन्हा पुसायला घेतला.

"कोण पाजत होतं?" थोरलीने पुन्हा विचारलं, या वेळी हळू.

"तो खात नव्हता ताई," धाकटा म्हणाला. "आठवतं ना? बाबा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. मला बघवेना. मी दुकानाला जाताना थर्मासमधला थोडासा... झाकणभर. बाबा देतच होते की!"

"आणि शर्यतीच्या आठवड्यात?"

"रोज. घोडा खूश होता गं."

सावकाश पुन्हा चंदी खाऊ लागला तेव्हा थोरलीने ओट बदलला होता. आपण निवडलेल्या ओटचा गुण आला असं तिने मालकांना फोनवर सांगितलंही होतं.

आत्याने फळ्यावर गणित मांडलं. घोड्याचं वजन, नमुन्यातलं प्रमाण, झाकणातला चहा. मग चष्मा कपाळावर सरकवला. "जुळत नाही. झाकणभर चहाने एवढं येणार नाही. आणखी कुणीतरी आहे."

"मी कबूल केलं ना? पुरे की!"

"तुझ्या कबुलीने गणित सुटत नाही. आणखी कोण?"

काकांनी घसा खाकरला. एकदा, मग पुन्हा. "मी सकाळी फिरायला जातो, ते तुम्हाला माहीतच आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

"डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही. मी इकडे येतो." ते टेबलाशी बोलत होते. "माझं नि दादाचं शेवटचं बोलणं जमिनीवरून झालं. दार आपटून गेलो होतो मी. आता कुणाजवळ बोलणार? वहिनींना तोंड दाखवायची लाज वाटायची. म्हटलं, निदान त्याच्या घोड्याला तरी... मी कॉफी न्यायचो."

"कॉफी!" धाकटा उभाच राहिला. "बाबांच्या घोड्याला कॉफी?"

"मला चहा करता येत नाही! मोठा मग भरून न्यायचो. पहिल्या दिवशी त्याने तोंड वाकडं केलं. मग साखर वाढवली."

"आणि मला पावडरवाला म्हणत होता!"

"आळ घेतला म्हणून मला जमीनविक्या म्हणायचं? मी त्या घोड्याला माझ्या वाटणीची मलई दिलीये!"

"गप्प!" आत्याचा खडू भराभर चालला. "कॉफी धरली की कॅफीन बरंच जवळ येतं. थोडं कमी पडतंय, ते बघू. आता राहिलं थिओब्रोमिन. कॅफीन पोटात गेलं की थोडंसं आपोआप तयार होतं ते. पण इथे..." ती थांबली. आकड्याकडे बघत राहिली. शाळेत कधी फळ्यापुढे अडखळली नसेल अशी आत्या खुर्ची ओढून बसली.

"काय झालं अक्का?" काकांनी विचारलं.

"थिओब्रोमिन फार जास्त आहे."

"ते कशात असतं?"

आत्याने पदराने चष्मा पुसला.

"आत्या, कशात असतं?" थोरलीने विचारलं.

"चॉकलेटमध्ये," आत्या म्हणाली.

आत्याच्या साखरेच्या आजारावर तिच्या घरातल्या तिन्ही पिढ्यांचा पहारा होता. सुना तिच्या पर्सची झडती घ्यायच्या, नातवंडं तिचा वास घ्यायची.

"बघू नका असं माझ्याकडे. घरी कुणी खाऊ देत नाही, म्हणून इथे येऊन खात होते. दादाच्या बादलीवर बसून. आता दुसऱ्यासमोर एकट्याने चघळत बसणं बरं दिसतं का? अर्धं त्याला द्यायचे. काळं, कडू चॉकलेट असतं ते. कमी साखरेचं," ती तावातावाने म्हणाली, जणू घोड्यालाही साखरेचा आजार होता.

धाकटा आधी हसला. मग काका हसले, आणि हसताहसता त्यांनी रुमाल काढला. आत्याने दोघांवर डोळे वटारले आणि स्वतःची बाकी फळ्यावर मांडून टाकली.

"अजून कपभर कमी पडतोय," ती म्हणाली. "साधा चहा. चांगला उकळलेला."

आईने कप खाली ठेवला. "तो माझा."

थोरलीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. आईने तबेल्यात पाऊल टाकलेलं तिने लहानपणापासून पाहिलं नव्हतं. माझ्या हातचा चहा घेऊन उठायचं नि तिकडे जाऊन जनावरासोबत प्यायचा, याचा तिला कायमचा राग होता.

"वहिनी, तुम्ही?" काका म्हणाले.

"सकाळचे दोन कप टाकायची सवय होती भावजी. हात थांबतो थोडाच? दुसरा कप उरायचा. ओतून द्यायचं जिवावर यायचं. म्हटलं, एवढं काय मिळत होतं ह्यांना तिथे, बघून तरी येऊ."

"काय मिळालं?"

"काही नाही. घोडा आहे, बोलत नाही." आईने कप पुढे सरकवला. "पण ऐकतो. त्यांच्यापेक्षा बरा ऐकतो."

"काय बोलता वहिनी त्याच्याशी?" असं आत्याने विचारायला हवं होतं, पण नणंद असून तिनेही विचारलं नाही. तिने फक्त फळ्यावर तो शेवटचा कप मिळवला, खाली रेघ मारली, आणि उत्तर जुळलं.

सगळे एकदम बोलू लागले. कोण किती वाजता जायचं, कोण कुणाची चाहूल लागून चाऱ्याच्या गंजीमागे लपलं होतं, मोतद्दाराला कुणी कुणी शपथ घातली होती. थोरली फळ्याकडे बघत उभी होती. त्यावर घरातल्या सगळ्यांचं काही ना काही होतं. तिचं नव्हतं. कुलपं तिची होती, किल्ल्या तिच्या होत्या. बादलीवर जाऊन बसायला तिला वेळ झाला नव्हता.

"ताई, सुटलो आपण!" धाकटा तिला हलवत म्हणाला.

"तपासनिसांना हे सगळं सांगायचं म्हणजे बाबांचंही सांगावं लागेल," ती म्हणाली.

काकांचा चेहरा उतरला. "दादाचं नाव नको मध्ये. आपण आपलं सांगू. तो घोड्याला वर्षानुवर्षं चहा पाजत होता हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, इतके दिवस काहीतरी लपवाछपवी चालली होती."

"खरंय," धाकट्याने लगेच काकांची बाजू घेतली. सकाळचे वैरी आता एका खुर्चीला टेकून उभे होते.

"ते न सांगता एका घोड्याला चौघांनी चहा-कॉफी का पाजली, हे कुणाला पटेल?" थोरली म्हणाली.

आईने थोरलीकडे एकदा पाहिलं आणि नवा चहा टाकायला उठली.

तपासनीस वेळेवर आले. अंगाने काटकुळे, बुटांना पॉलिश, हातात कुलपाची पेटी. त्यांनी थोरलीला खुलासा विचारला, आणि तिने तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "मी दिली. कॉफी."

"मी चहा दिला," धाकटा म्हणाला. "झाकणभर."

"माझा मग मोठा होता."

"चॉकलेट माझं," आत्या म्हणाली. "त्याशिवाय तुमचं थिओब्रोमिन जुळायचं नाही. फळा बघा."

"सकाळचा कप माझा," आई आतून म्हणाली.

तपासनिसांनी पेटी खाली ठेवली. "तुम्ही कबुलीजबाब देताय की लिलावात बोली लावताय? एका माणसाकडून खरं काढायला मला आठवडे लागतात. इथे रांग आहे. मला काय समजायचं, या पोरीला वाचवायला सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट?"

थोरलीने मग सांगितलं. बाबांच्या अर्ध्या कपापासून, गरम पाण्यासकट, काही न गाळता. तपासनीस ऐकत राहिले. शर्यतीच्या आठवड्याचं ऐकल्यावर त्यांनी हात वर करून तिला थांबवलं.

"तुमच्या वडिलांच्या घोड्यांचे नमुने वर्षानुवर्षं मीच घेतलेत. शर्यतीच्या दिवशी ते माझ्यावर असे खेकसायचे की मी घाबरून बाटलीचं झाकण उलटं लावायचो. मला वाटायचं, आपण तपासनीस आहोत म्हणून."

"डोकं दुखत असायचं त्यांचं," आई त्यांच्या हातात कप देत म्हणाली. "मनावर घेऊ नका."

"हं." ते थोडे सैलावले, पण तेवढंच. "तरी घोडा कॉफी पितो, चॉकलेट खातो, हे मी अहवालात काय तोंडाने लिहू? वरचे मला विचारतील, तुम्ही पाहिलंत का?"

"चला, पाहा," थोरली म्हणाली.

सगळी वरात अंगण ओलांडून निघाली. तपासनिसांच्या हातात एकच घोट घेतलेला कप तसाच होता. सावकाश थानात उभा होता, कान सैल, डोळे अर्धे मिटलेले. एवढी माणसं बघून त्याने एकेकाकडे ओळखीच्या नजरेने पाहिलं. बहुधा सगळे एकदमच कसे आले याचं त्याला कोडं पडलं असावं. तपासनीस आडव्या बांबूला टेकून खिशातलं पेन काढू लागले.

सावकाशने मान लांब केली. आयुष्यात कुठलीच गोष्ट त्याने इतक्या चपळाईने केली नसेल. तपासनिसांनी खाली पाहिलं तोवर कप रिकामा होता. घोडा ओठ चाटत होता, आणि पॉलिशच्या बुटावर चहाचा एकच थेंब पडला होता.

कुणी हसलं नाही. हसू दाबण्यात सगळ्यांची शक्ती खर्ची पडत होती.

"साखर जास्त आहे यात," तपासनीस अखेर म्हणाले.

"त्याला तशीच लागते," काका नम्रपणे म्हणाले.

निकाल तिथेच झाला. बक्षीस परत. शर्यतीच्या निकालातून सावकाशचं नाव वगळणार. थोरलीला लेखी ताकीद. परवाना कायम. जाताना तपासनीस दारात थांबले. "पहिला आला होता ना हा? आयुष्यात एकदाच?"

"एकदाच," थोरली म्हणाली.

"वाईट वाटतं," ते म्हणाले, आणि खरंच वाटल्यासारखे गेले.

पुढच्या शर्यतीचा आठवडा सुरू झाला त्या सकाळी आईने चहाचा डबा कपाटात ठेवला, कॉफीची बाटली ठेवली, आत्याच्या पर्समधलं चॉकलेट काढून घेऊन तेही ठेवलं, आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. "बाहेर जाऊनही कुणी प्यायचा नाही. तोंडाला वास येतो, त्याला कळतं."

दुपारपर्यंत घराची रया गेली. काकांनी धाकट्याला पुन्हा पावडरवाला म्हटलं. धाकट्याने जमिनीचा विषय काढला. आत्याने दोघांना नापास केलं. मोतद्दार मनगटावर घोड्याच्या दातांचे वळ घेऊन आला आणि दिवसभर कुणाशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे थंडी होती. थोरलीने ऑफिसच्या खुर्चीवरचं जाकीट उचललं, अंगात घातलं, आणि कपभर गरम पाणी घेऊन अंगण ओलांडलं. उलटी बादली जागेवरच होती. ती बसली. सावकाशने नाक पुढे करून आधी जाकिटाचा खिसा हुंगला, बराच वेळ हुंगला. मग तिने कप पुढे धरला. त्याने पाण्याचा वास घेतला, तिच्याकडे पाहिलं, आणि असा काही अपमान झाल्यासारखा तोंड फिरवून भिंतीकडे वळला की तिला हसू फुटलं. बाबांचा आणि याचा संसार असाच चालला असणार. ती हसत राहिली, आणि मग ते हसू राहिलं नाही. बाबा गेल्यापासून इतक्या दिवसांत जे आलं नव्हतं ते आलं, आणि थांबेना. कपातलं पाणी जाकिटावर सांडलं.

थानाच्या दारात आई उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"काय गं?"

"काही नाही. चहा नाही ना," थोरली बाहीने तोंड पुसत म्हणाली. "डोकं दुखतंय."

"दुखणारच," आई म्हणाली. तिने कोपऱ्यातली दुसरी बादली ओढली, उलटी केली, आणि लेकीशेजारी बसली.